सकाळी अडतो, दुपारी सुटतो

छोट्या विमानाचं इंजिन सकाळी पहिल्यांदा सुरू केलं की लंगडतं, अख्खं विमान थरथरतं, आणि तीन-चार मिनिटांत आपोआप सरळ होतं. मग दिवसभर तक्रार नाही. सेसना १७२ सारख्या चार आसनी विमानातल्या चार सिलिंडरच्या लायकमिंग इंजिनाबाबत हा अनुभव इतका जुना आहे की मेकॅनिक लक्षण ऐकूनच एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं नाव घेतात. नाव घेणं सोपं. ते सिद्ध कसं करायचं, आणि सिद्ध झालं नाही तर विमान उडवायचं की नाही, यावर दोन माणसांचं पटत नाही. एक मोजमापावर भिस्त ठेवणारा, तरुण आणि उत्साही. दुसरा हँगरमध्ये केस पांढरे झालेला संशयी. तरुण वयाचा मान ठेवून बोलतो, पण सहजी माघार घेत नाही.

उत्साही : सर, याच्याइतका सरळ बिघाड इंजिनात दुसरा नसेल. व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये वरखाली सरकते, आणि दोघांत जागा अगदी थोडी. त्या जागेत तेल जळून कार्बन बसतो, एव्हगॅसमधल्या, म्हणजे विमानाच्या पेट्रोलमधल्या, शिशाचे क्षार बसतात, जागा आणखी कमी होते. सकाळी इंजिन सुरू केलं की एक्झॉस्टच्या धगीनं दांडी मिनिटभरात तापते आणि फुगते. पण गाइड ठोकून बसवलेलं असतं ॲल्युमिनियमच्या जाड सिलिंडर हेडमध्ये, आणि ते हेड तापायला वेळ घेतं. मधल्या काळात दांडीला सरकायला जागाच उरत नाही. हेड तापून पसरलं की ती पुन्हा मिळते. म्हणून आधी लंगडतं, मग सुटतं. कारण माहीत आहे, लक्षण माहीत आहे. शिवाय आता नव्या १७२ मध्ये जी१००० या डिजिटल यंत्रणेच्या पडद्यावर चारही सिलिंडरचं एक्झॉस्टचं तापमान वेगवेगळं दिसतं आणि कार्डावर त्याची नोंद होते. कुठला सिलिंडर पेटत नव्हता, किती वेळ पेटत नव्हता, हे दुपारी ऑफिसात बसून सांगता येतं. यात शंका घेण्यासारखं काय उरलं?

संशयी : पडद्यावर एक पट्टी खाली राहिली, एवढंच तुला कळलं. म्हणजे तो सिलिंडर पेटत नव्हता. का पेटत नव्हता, हे पडदा सांगत नाही. आपल्या १०० एलएल इंधनात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं. जमिनीवर हळू गतीनं इंजिन चालत ठेवलं की ते प्लगच्या तोंडात बसतं, आणि प्लग ठिणगी टाकेनासा होतो. तोही तापल्यावर कधी कधी मोकळा होतो. इंजेक्शनचं इंजिन असेल तर नोझलमध्ये कचरा असू शकतो. प्लगची वायर ओलाव्यानं गळती करत असेल; पावसाळ्यात सकाळी हे सर्रास होतं. आणि तापमान मोजणारा प्रोबच मेला असेल तर पट्टी खालीच राहणार, इंजिन बिचारं ठणठणीत असलं तरी. तू ज्याला निदान म्हणतोस ती अजून नुसती शंका आहे.

उत्साही : प्रोबचं मान्य. पण प्रोब मेला म्हणून विमान थरथरत नाही. थरथर आहे म्हणजे सिलिंडर खरंच मेलेला आहे. आता प्लग घ्या. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, ठिणगीची वीज पुरवणाऱ्या दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर. एक प्लग मेला तर दुसरा पेटवतोच. दोन्ही मॅग्नेटो चालू असताना इंजिन फारसं लंगडत नाही, आणि उरलेल्या एका प्लगवर जाळ हळू होत असल्यामुळे त्या सिलिंडरचं एक्झॉस्टचं तापमान उलट चढतं. एकेक मॅग्नेटो बंद करून बघितलं की उत्तर मिळतं. डाव्यावर लंगडलं आणि उजव्यावर सरळ चाललं तर प्लग किंवा त्याची वायर. डावा, उजवा, दोन्ही, कसंही ठेवा आणि तोच सिलिंडर तितकाच मेलेला असेल, तर ठिणगीचा संबंध बहुतेक संपला. उरलं इंधन किंवा दाब. नोझल अर्धवट तुंबलेलं असेल तर इंजिन तापलं म्हणून ते सुटत नाही. जास्त ताकदीवर ते आणखी उघडं पडतं. तापल्यावर एकदम सुटतो तो व्हॉल्व्हच.

संशयी : ‘बहुतेक’ म्हणालास, बरं केलंस. लांब टॅक्सी झाल्यावर एकाच सिलिंडरचे दोन्ही प्लग बसलेले मी पाहिलेत. पण चल, तुझी चाळणी चांगली आहे, मी तीच वापरतो. माझी अडचण पुढची आहे. ही चाळणी लावायला इंजिन लंगडत असताना डोकं शांत ठेवून तीन मिनिटांत मॅग्नेटो फिरवून बघणारा माणूस हवा. आपल्याकडे बारामतीला किंवा धुळ्याला सकाळच्या पहिल्या सॉर्टीला विमानात बसतो एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. तो काय करतो? थ्रॉटल थोडा पुढे ढकलतो, ‘होईल सरळ’ म्हणतो, आणि होतं. उड्डाण होतं, तासाचे पैसे वसूल होतात, संध्याकाळी कुणीतरी लॉगमध्ये लिहितं: सुरू करताना रफ, नंतर ठीक. मग इंजिनिअर येतो, इंजिन गरम करतो, कॉम्प्रेशन घेतो आणि ८० पैकी ७६ मिळतात. लिहितो: ग्राउंड रन घेतला, समाधानकारक. दवाखान्याची पायरी चढल्यावर पोटदुखी थांबावी तसं. खोटं कुणीच लिहिलेलं नाही आणि व्हॉल्व्ह आहे तिथंच आहे.

इथं संशयी माणसाचं बोट दुखऱ्या जागी पडलं आहे. डिफरन्शियल कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सिलिंडरला ८० पीएसआय हवा देतात आणि किती टिकते ते मोजतात. अमेरिकी विमान खात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार पंचवीस टक्क्यांपर्यंत गळती चालते, म्हणजे ६० च्या खाली आकडा गेला तर चौकशी. ही चाचणी इंजिन गरम असताना घ्यायची असते, कारण तेव्हा रिंगा आणि भिंती खऱ्या मापावर येतात. रिंगांसाठी हे बरोबर. पण थंडीत अडणाऱ्या आणि उष्णतेत सुटणाऱ्या व्हॉल्व्हसाठी ही नेमकी चुकीची वेळ आहे. सकाळी हाती असलेला पुरावा इंजिन तापवून तपासणाऱ्यानंच पुसून टाकलेला असतो.

उत्साही : म्हणून तर चाचणी थंड इंजिनावर घ्यायची. लंगडलं की टॅक्सी नाही, गरम करणं नाही, तिथंच बंद. त्याच घडीला त्या सिलिंडरला हवा द्यायची आणि ती कुठून निघते ते ऐकायचं. एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक. तेलाच्या ब्रीदरमधून आली तर रिंगा. शून्याजवळचा आकडा आणि एक्झॉस्टमधून सणसणीत वारा, यापेक्षा पुरावा आणखी काय हवा? जुन्या, काट्यांच्या घड्याळांच्या विमानात पडदा नसतो हे खरं. तिथं अर्धं मिनिट चालवून बंद केल्यावर एक्झॉस्टच्या चारही नळ्यांवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. थंड नळीचा सिलिंडर लगेच सापडतो. रॉकर कव्हर काढून प्रोपेलर हळू फिरवला तर अडणारी दांडी डोळ्यांनीही दिसते. स्प्रिंग वर यायला हवी तेव्हा ती येत नाही.

संशयी : प्रोपेलर हातानं फिरवताना मॅग्नेटो जिवंत आहे असंच धरायचं, हे तू पोरांना सांगतोस ना? स्विच बंद असला तरी अर्थिंगची वायर तुटलेली असू शकते. दाब तपासायच्या नादात लोकांनी हात गमावलेत. असो. थंड चाचणीची तुझी पद्धत मला पटते. फक्त ती एकाच बाजूनं बोलते. शून्य आकडा आला तर व्हॉल्व्ह दोषी. पण ७४ आला तर? व्हॉल्व्ह निर्दोष का? आज सकाळी हवा बावीस अंश होती, काल चौदा. आज विमान रात्री उशिरा उतरलं होतं, इंजिन पूर्ण गार झालंच नव्हतं. कार्बनचा एखादा कण कालच सुटून पडला असेल. हा बिघाड दरवेळी हजेरी लावत नाही, आणि ज्या दिवशी तो आला नाही त्या दिवसाची चाचणी काहीच सांगत नाही. तुझा सगळा डोलारा ‘दिसलं तर आहे’ यावर उभा आहे. ‘दिसलं नाही’ याचं काय करायचं, ते सांग.

उत्साही : नोंदी साठवायच्या. एका सकाळीनं सिद्ध होत नाही ते वीस सकाळींनी होतं. माइक बुश नावाचे अमेरिकी इंजिनतज्ज्ञ आहेत. इंजिनाचं पोट फाडण्याआधी बोअरस्कोप घाला, तेल तपासा, मॉनिटरच्या नोंदी वाचा, हे ते वर्षानुवर्षं लिहीत आलेत. जळायला लागलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तापमानाच्या आलेखात मिनिटाला साधारण एक अशी संथ लाट दिसते, असं त्यांच्या लोकांनी दाखवलं. व्हॉल्व्ह बंद होताना थोडा थोडा फिरत असतो, त्याची जळकी कड बैठकीवर हळूहळू सरकत जाते, म्हणून ती लाट. इंजिन उघडायच्या आधीच व्हॉल्व्ह ओळखू येतो.

संशयी : जळालेला व्हॉल्व्ह. चिकटणारा नव्हे. हँगरमध्ये बोलतात ते तुला माहीत आहे: कॉन्टिनेंटलचे व्हॉल्व्ह जळतात, लायकमिंगचे चिकटतात. थोडी अतिशयोक्ती आहे, पण निरर्थक नाही. जळणं हळू होतं, बोअरस्कोपमध्ये कडेला हिरवट-लाल डाग दिसतो, तुझ्या लाटेला वेळ मिळतो. चिकटणं व्हॉल्व्हच्या तोंडावर होत नाही, ते होतं वर गाइडच्या आत, जिथं बोअरस्कोप पोचत नाही. एका रोगाचं यंत्र दुसऱ्याला लावू नकोस.

उत्साही थोडा वेळ गप्प होतो, आणि त्यानं व्हायलाच हवं. चिकटण्याचा प्रश्न खरं तर एका जुन्या यशातून आला आहे. १९२० च्या दशकात सॅम हेरॉन या इंजिनिअरनं एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी पोकळ करून तिच्यात सोडियम भरायची युक्ती रुळवली. सोडियम ९८ अंशांना वितळतो. व्हॉल्व्ह वरखाली होताना तो आत हिंदकळतो आणि लालबुंद तोंडाची उष्णता दांडीकडे वाहून नेतो. १९२७ मध्ये लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला त्या राइट व्हर्लविंड इंजिनात असेच व्हॉल्व्ह होते. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांत आजही आहेत. तोंड वाचतं, म्हणून जळणं कमी. पण ती उष्णता गाइडमधून, तेलातूनच बाहेर पडते, आणि तिथलं तेल भाजून निघतं.

संशयी : आता मूळ प्रश्नाकडे ये. समज, व्हॉल्व्ह सापडला. चार नंबरचा, एक्झॉस्ट. का चिकटला? तू साफ केलास आणि कारण जागेवरच असेल तर पुन्हा चिकटेल.

उत्साही : शिसं. ओ-३२०-ई२डी हे १९६८ पासूनच्या १७२ मधलं इंजिन ८०/८७ ऑक्टेनच्या इंधनासाठी बनवलं होतं, आणि त्यात लिटरमागे सुमारे ०.१४ ग्रॅम शिसं होतं. ते इंधन बाजारातून गेलं, १०० एलएल आलं. ‘लो लेड’ म्हणायला, पण या इंजिनासाठी चौपट. शिसं उडून जावं म्हणून त्यात इथिलिन डायब्रोमाइड घालतात, पण त्याचं काम चांगल्या तापमानावरच होतं. गार इंजिनात, गडद मिश्रणावर, हळू गतीत ते हरतं. शिसं घालवा, अर्धा प्रश्न सुटेल.

संशयी : घालवलं होतं की एकांनी. नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा विमान प्रशिक्षण विभाग केवढा मोठा! त्यांनी २०२३ च्या उन्हाळ्यात सगळा ताफा शिसं नसलेल्या ९४ ऑक्टेनच्या इंधनावर नेला. ऑक्टोबरमध्ये परत १०० एलएलवर आले. का? लायकमिंग इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका नेहमीपेक्षा जास्त झिजून आत जात होत्या. ज्या शिशाला तू गाइडमधला गुन्हेगार म्हणतोस, ते बैठकीवर आजवर राखणदाराचं काम करत होतं.

उत्साही : ते एवढं सरळ नाही, सर. पुढे लायकमिंगनं इंधनातल्या सुवासिक संयुगांच्या प्रमाणाकडे बोट दाखवलं, नुसत्या शिशाकडे नाही. दुसरं शिसंविरहित इंधन वेगळं वागू शकतं. जाळ कसा आणि किती वेळ जळतो, त्यावर बैठकीचं तापमान ठरतं.

संशयी : तेच म्हणतोय. इंधन बदललं की दांडीचा प्रश्न सुटेल आणि बैठकीचा उभा राहील, किंवा राहणार नाही. ते मोजावं लागेल. आपल्याकडे तर इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत एव्हगॅस बनवायला २०२२ मध्ये सुरुवात केली, ते १०० एलएलच. तोवर ते बाहेरून यायचं. म्हणजे आपल्या हँगरमध्ये शिसं अजून बराच काळ आहे. इंधन तुझ्या हातात नाही. सवयी आहेत. आपल्या विमानांचा दिवस बघ. एप्रिलच्या उन्हात धावपट्टीच्या तोंडाशी रांग, इंजिन हळू गतीत, मिश्रण पूर्ण गडद, कारण पुस्तकात तसं आहे आणि पोराला कुणी दुसरं शिकवलं नाही. मग सर्किट मागून सर्किट, प्रत्येक फेरीत पूर्ण ताकद आणि मग एकदम थ्रॉटल बंद. पावसाळ्यात उलट: विमान आठवडे उभं, तेलात ओलावा आणि आम्ल साठतं. लायकमिंग सांगतं, पूर्ण प्रवाहाचा फिल्टर असेल तर ५० तासांनी तेल बदला, नुसती जाळी असेल तर २५, आणि तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलाच. तासांचा हिशेब सगळे ठेवतात. चार महिन्यांचा कोण ठेवतं?

उत्साही : जमिनीवर मिश्रण पातळ ठेवायला मी शिकवतो. इतकं पातळ, की विसरून कुणी टेक-ऑफला थ्रॉटल लावला तर इंजिन अडखळून आठवण देतं. अर्धवट पातळ ठेवणं धोक्याचं, कारण मग तसंच उडायची भीती. हे नुसतं बोलणं नाही. प्लग काढल्यावर फरक दिसतो. पण तुम्ही कारणांवर नेऊन मूळ मुद्दा टाळताय. कारण कुठलंही असो, गाइड साफ करण्याचा मार्ग सोपा आहे. लायकमिंगच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १४२५ मध्ये तो दिलाय. सिलिंडर काढायचा नाही. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, पिस्टन वर आणून दोरीनं व्हॉल्व्ह दाबून धरायचा, स्प्रिंग दाबून तिला दांडीवर धरून ठेवणारे कीपर काढायचे. मग दोरी काढून व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये ढकलायचा, गाइडमधून ग्रीस लावलेला रीमर फिरवायचा म्हणजे निघालेली घाण ग्रीसला चिकटून बाहेर येते, आणि दांडी पुन्हा गाइडमधून वर ओढून घ्यायची. सरावलेला हात असेल तर अर्ध्या दिवसाचं काम.

संशयी : आणि नुसता एकच?

उत्साही : जो चिकटला तो.

संशयी : चारही सिलिंडर एकाच तेलात, एकाच इंधनात, एकाच पोराच्या हाताखाली वाढलेत. चौथा आज चिकटला. दुसरा पुढच्या महिन्यात चिकटणार नाही कशावरून? सर्व्हिस बुलेटिन ३८८ मधली चाचणी आहे, दांडी गाइडमध्ये किती डुगडुगते ते डायलवर मोजायची. ठरावीक तासांनी करायची, संशय आला तर त्याआधीच. तिला दोन मर्यादा आहेत, हे मला आवडतं. फार डुगडुगली तर गाइड झिजलंय. फार कमी डुगडुगली तर घाण साठलीय. तुझा पडदा पुढच्या महिन्यात चिकटणाऱ्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. ही डायल बोलते, आणि गरम-थंडाची वाटही बघत नाही.

उत्साही : पण त्यासाठी चारही व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, चारही रॉकर, आठ कीपर काढावे लागतात. धडधाकट भाग उघडणं फुकट पडत नाही, सर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोस्टल कमांडच्या लिबरेटर विमानांचा अभ्यास झाला. वॅडिंग्टन नावाचा जीवशास्त्रज्ञ तो करणाऱ्या चमूत होता. दर ५० तासांच्या तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवेत, ते वाढलेले निघाले. पुढच्या तपासणीच्या जवळ जाईपर्यंत ते कमी कमी होत गेले. म्हणजे तपासणीच बिघाड घालत होती. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांचा अहवाल आला. त्यांनी तपासलेल्या सुट्या भागांपैकी बहुसंख्य भागांत वय वाढलं म्हणून बिघाड वाढतो असं दिसलं नाही. ६८ टक्के भागांत नवा बसवल्यानंतर लगेचचा काळ सर्वात धोक्याचा होता. तुमच्या एका संशयासाठी मी तीन निरोगी व्हॉल्व्ह त्या धोक्याच्या काळात ढकलू?

वॅडिंग्टन हे नाव जीवशास्त्राच्या वाचकांना ‘एपिजेनेटिक्स’ या शब्दामुळे माहीत असतं. हँगरमध्ये त्याचं नाव वेगळ्या कारणानं निघतं. त्याचा हा शोध १९७३ च्या त्याच्या पुस्तकात छापून आला. या शोधाला उत्साही माणूस देतो तेवढं वजन देता येईल का, हा प्रश्न उरतो. चार मोठी इंजिनं, माणसांचा मोठा ताफा आणि युद्धकाळातली घाई असलेल्या विमानांवरून निघालेला निष्कर्ष एका इंजिनाच्या १७२ ला जसाच्या तसा बसेल असं नाही. पण सिलिंडर काढण्याबद्दल तरी तो बरोबर आहे. लायकमिंगचे सिलिंडर ज्या लांब बोल्टांवर आवळलेले असतात, त्यांतले काही क्रँकशाफ्टच्या बेअरिंगलाही धरून ठेवतात. सिलिंडर काढून नीट आवळला नाही तर बेअरिंग सरकू शकतं, आणि तसं इंजिन हवेत जाम झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

संशयी : लिबरेटरला चार इंजिनं होती. आमच्या विमानाला एक. तुझी आकडेवारी हजारो सुट्या भागांची सरासरी सांगते. माझ्या हातात एक भाग आहे, ज्यानं तोंडानं सांगितलंय की मी अडतोय. वय झालं म्हणून मी उघडत नाहीये. लक्षण दिसलं म्हणून उघडतोय. नोलन आणि हीप यांनी लक्षणाकडे दुर्लक्ष करा असं म्हटलेलं नाही.

उत्साही : चौथ्यात लक्षण आहे. उरलेल्या तिघांत नाही.

संशयी : ते मान्य. पण व्हॉल्व्ह कसा मरतो ते नीट बघ. इंजिन मिनिटाला २४०० आवर्तनांवर असेल तर तो सेकंदाला वीस वेळा उघडतो. उघडायला त्याला पुशरॉड आणि रॉकर ढकलतात, मागं अख्ख्या इंजिनाचं बळ असतं. मिटायला फक्त स्प्रिंग. म्हणून तो आधी मिटताना आळसतो. उघडा अडकला तर एक सिलिंडर गेला. चारातला एक म्हणजे ताकद चौथ्या हिश्शानं गेली, वर थरथर. एवढ्यावर उतरता येतं. पण मिटलेला अडकला आणि उघडेना, तर पुशरॉड वाकतो. त्याची नळी फुटली तर तेल बाहेर. आणि अडकायला सकाळच लागते असंही नाही. पोरगं सर्किटवर थ्रॉटल बंद करून उतरायला लागतं, गार वारा हेडवर आदळतो, हेड आणि गाइड आक्रसतात, दांडी आतून अजून तापलेली. जागा पुन्हा तीच, सकाळची. फरक एवढाच, की सकाळी चाकं जमिनीवर होती.

उत्साही : अचानक गार होण्याचा धोका किती खरा, यावर खूप वाद आहे, सर. उतरताना तापमान मिनिटाला किती पडतं ते मी मोजलंय. आपल्या हवेत ते हळूहळूच पडतं. पण तुमचा तर्क मी उडवून लावत नाही. सकाळी अडणारा व्हॉल्व्ह हवेत अडणार नाही याची हमी माझ्याकडे नाही, हे खरं. माझं म्हणणं एवढंच: अडला असेल तो उघडा, साफ करा. उरलेल्या तिघांना थंडीत हवा देऊन बघा. तीन सकाळी लागोपाठ स्वच्छ आले तर विमान सोडा.

संशयी : आणि समज, एकदाच लंगडलं. नंतर तुझ्या तीनही सकाळी स्वच्छ आल्या. चौथाही स्वच्छ. उघडायला तुझ्याकडे कुठलाच सिलिंडर नाही. मग?

उत्साही : मग… विमान सोडेन. पण सोलोला नाही. प्रशिक्षक बरोबर असताना, आणि रोज संध्याकाळी कार्ड वाचून.

संशयी : म्हणजे तुझ्या मोजमापावर पोराला एकटं बसवायची तुझी तयारी नाही, प्रशिक्षकाला बसवायची आहे. हा फरक कुठल्या आलेखातून आला?

उत्साही : आलेखातून नाही. प्रशिक्षकाला बंद इंजिनाचं विमान उसाच्या शेताशेजारी उतरवता येतं, पोराला येईल की नाही ठाऊक नाही. संशय तेवढाच आहे, तो चुकला तर भरायची किंमत वेगळी आहे. हे मी आधी म्हणायला हवं होतं. पण तुमचंही तसंच, सर. एकदाच लंगडलं, पुन्हा कधीच नाही, आणि तुम्ही चारही रॉकर कव्हर काढणार. आठ कीपर. त्यातला एक अर्धवट बसला, तर तो सकाळी लंगडून इशारा देणार नाही. व्हॉल्व्ह सरळ सिलिंडरमध्ये पडेल.

संशयी : कीपर मी स्वतः बघणार.

उत्साही : कोस्टल कमांडच्या प्रत्येक मेकॅनिकला तसंच वाटत असणार.

संशयी : असेल. म्हणून काम केल्यावर पहिल्या उड्डाणाला मी मागच्या सीटवर बसतो.

उत्साही : तुम्ही मागे बसल्यानं कीपर नीट बसत नाही, सर.